फवारणीचं औषध

मांजरी, पुणे
मंगळवार, ९ जून २०२६

ऋतुजा,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, खोडलंय. तू बरी असशील. आमच्याकडे सगळे ठीक. मी सध्या मार्केट यार्डात दत्तोबामामाच्या कांद्याच्या गाळ्यावर बसतो. कॉलेज सुटलंय हे आईला माहितीये, तरी रोज विचारते, "कालेज कधी हाय रं?"

फार्मसीचा पहिला दिवस आठवतो? सलिल सरांनी विचारलं, "औषध म्हणजे काय?" मी म्हणालो, "फवारतात ते." अख्खा वर्ग हसला. आमच्या घरात औषध म्हणजे तेच. तापाची ती नुसती गोळी.

"बसा, फवारणीवाले," सर म्हणाले. "फळ पिकलं की वाळून जाते ती ओषधी. त्यावरून औषध."

मी परत उठलो. "म्हणजे आमची ज्वारीपण?"

"ज्वारीसुद्धा."

तू एकटी हसली नाहीस. वहीत लिहून घेतलंस. मी तिथंच खलास झालो.

पुढचं तुला माहितीये. तू तीनदा नाही म्हणालीस, नीट, शांतपणे. मी ऐकूनच घेतलं नाही. जानेवारीत वर्गातला नबील तुझ्याशी बोलला म्हणून त्याची कॉलर धरली. त्यावरून कॉलेजने पंधरा दिवस घरी बसवलं. मी रागात परत गेलोच नाही. 'सोडलं' म्हणतो, तेवढीच इज्जत.

मग मार्चमधलं ते पार्किंग. हातात पप्पांची फवारणीची बाटली. "हो म्हण, नाहीतर औषध घेतो." तू हो म्हणालीस. मी शिट्टी वाजवत घरी गेलो.

काल तुझी मैत्रीण शेफाली गाळ्यावर आली. मामासमोरच बोलली, "हैदराबादची मिळालेली नोकरी सोडतेय ती. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. म्हणते, मी गेले तर तो जिवाचं काहीतरी करून घेईल. झालं समाधान?"

मला वाटत होतं, तू माझ्यासाठी थांबलीयेस.

तीन पानं फाडली. आता लिहितोच. त्या बाटलीत पाणी होतं. आदल्या दिवशी साबणाने धुतली, नळाखाली भरली. वास यावा म्हणून पंपाचं फडकं बाहेरून फिरवलं. इतका विचार करून केलं. रागाच्या भरात केलं असं सांगायचीसुद्धा सोय नाही. तू रडत घरी गेलीस त्या संध्याकाळी मी मिसळ खाल्ली, दोन पाव जास्तीचे घेऊन.

ते 'हो' धरू नकोस. हे पत्र सरांना दाखव, तुझ्या बाबांना दाखव. अक्षर माझंच आहे, मी नाकारणार नाही. उत्तर नको. शुक्रवारच्या आत हैदराबादला कळव.

मी जेवतो, झोपतो, कामावर जातो. मला काही होणार नाही. तेव्हाही होणार नव्हतं.

तुझा कोणीही नसलेला,
सार्थक