अर्ध्या बोटाने लांब बाही

५ मार्च

चि. चिमणीस, तुझ्या अंगठेबहाद्दर आजीचे अनेक आशीर्वाद.

मी बोलते, शेजारचे कंपाउंडर लिहितात. चुका त्यांच्या, शहाणपण माझं. तुझं पत्रही त्यांनीच वाचून दाखवलं. सहा वर्षं बुरशीवर पीएच.डी. करणाऱ्या तुम्ही तिघी कंपन्यांना सल्ला देण्याच्या स्पर्धेत उतरलात. बेकरीवाल्याने तोट्यातलं दुकान बंद करावं की नाही, एवढंच सांगायचं होतं. दहा मिनिटांतली नऊ तुम्ही त्याचे आकडे कसे अपुरे हे सांगण्यात घालवलीत आणि शेवटी म्हणालात, अधिक संशोधनाची गरज आहे. परीक्षक हसले, तू रडलीस. प्रयोगशाळेबाहेर माझा काही उपयोग नाही, म्हणतेस.

अगं, हा रोग घराण्यातलाच. शिवणकामात माझी हयात गेली. वकीलबाईंचा कोट मी चारदा उसवला. नेऊन दिला तेव्हा त्या निवृत्त झाल्या होत्या. गिऱ्हाईक विचारतं, कधी मिळेल? त्याला दिवस सांगायचा, दोऱ्याची कुळकथा नाही. दुसरी फेरी अजून उरली आहे ना? तिथे आधी उत्तर दे.

लोभाची शिवण पक्की आहे, काळजी नसावी.
आजी

१४ मार्च

ती. आजीस सा. न.

आधी उत्तर: हरलो.

आता बाकीचं. औषधवाल्याने दुसरं दुकान काढावं का, असा प्रश्न होता. मी पहिल्याच वाक्यात म्हणाले, काढू नये. सगळ्यांत मोठा धक्का मलाच बसला. परीक्षकबाईंनी खात्री किती विचारलं. म्हटलं, दहात सात. उरलेल्या तिनांत मी कुठे चुकेन तेही सांगते. पहिल्या फेरीने आम्हाला बुडवलं, पण त्या बाईंनी मला एकोणतीसला नोकरीच्या मुलाखतीला बोलावलंय. माझ्याकडे डाग पडलेला पांढरा डगला सोडून काही नाही. माझा कोट तू तीन वर्षांपूर्वी बेतला होतास. कंपाउंडरकाकांनी हे जरा मोठ्याने वाचावं: कधी मिळेल?

तुझ्याच वळणावर गेलेली,
चिमणी

१९ मार्च

चि. चिमणीस आशीर्वाद.

आधी उत्तर: मंगळवारी. कंपाउंडर स्वतः आणून देतील. मी पिशवी परत मागितली तरी द्यायची नाही, असं त्यांना बजावलंय. डावी बाही अर्ध्या बोटाने लांब आहे. उसवायला हात शिवशिवतात, म्हणून कात्री त्यांच्या दवाखान्यात ठेवून आले. मुलाखतीत कुणी बाहीचं विचारलंच, तर माहीत आहे म्हण आणि पुढचं बोल.

माया मापाबाहेर आहे, ती तशीच अंगावर घे.
आजी

ता. क. हे त्यांनी सांगितलेलं नाही. दोन्ही बाह्या सारख्या आहेत. मी टेपने दोनदा मोजल्या.
कंपाउंडर