मांडीमागचा स्नायू आणि शंभर बैठकांचा दाखला

प्रति,
मा. श्री. मालोजीराव,
मानद सचिव, क्रीडा समिती,
श्री एकवीरा मराठी समाज तालीम मंडळ,
कॉटनपेट, बंगलोर ५३

दि. १४ ऑक्टोबर १९९६

विषय: मांडीमागचा स्नायू तिसऱ्यांदा फाटल्यामुळे येत्या रविवारच्या अंतिम सामन्यातून सूट मिळण्याबाबत, आणि तरीही पटावर नाव कायम ठेवण्याबाबत.

संदर्भ: आपले पत्र क्र. क्रीडा/४१/९६, दि. ९ ऑक्टोबर.

महोदय,

आपण स्वतः कधी फाटक्या मांडीने शंभर बैठका मारून पाहिल्या आहेत काय?

सदर प्रश्न अर्जात घालण्याची माझी छाती नाही, असे आमच्या मुलींच्या फुटबॉल संघातील रूपश्री व पवित्रा यांचे म्हणणे होते. पैज एका मसाला डोशाची आहे. प्रश्न घातला आहे. आपला अवमान करण्याचा हेतू नाही. परंतु आपण उत्तर मनातल्या मनात जरी दिलेत, तरी पुढचा अर्ज वाचणे सोपे जाईल असे नम्रपणे वाटते.

१. मी, संयोगिता नरसिंगराव माने, वय पंधरा, इयत्ता दहावी, मंडळाच्या संघात उजव्या बगलेला पुढे खेळते. आपल्या पत्रानुसार मी शनिवारी तालमीत शंभर बैठका मारून तंदुरुस्तीचा दाखला घ्यावयाचा आहे व रविवार दि. २० रोजी दसरा चषकाचा अंतिम सामना खेळावयाचा आहे. न खेळल्यास नियम ७ प्रमाणे पटावरून नाव कमी होईल. नाव गेले की मंडळाचे शिफारसपत्र गेले, आणि शिफारसपत्र गेले की पुढच्या वर्षी पीयूसीला, म्हणजे अकरावीला, खेळाडूंच्या कोट्यातली जागा गेली. मुलींचा फुटबॉल संघ असलेले कॉलेज मला एकच ठाऊक आहे. तेव्हा हा अर्ज केवळ एका सामन्याचा नाही, हे ध्यानात घ्यावे.

२. दुखापतींचा तपशील. पहिली, २६ जानेवारी. चेंडूमागे धावताना मांडीला मागून कुणीतरी दगड मारला असे वाटले, म्हणून मी रागाने वळून पाहिले. मागे कुणीच नव्हते. तालमीचे वस्ताद खंडोजीमामा मैदानावर आले, "एनू आगिल्ल पोरी, काही झालं नाही, शीर चढलीय," म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी गरम तेलाने ती जागा अशी रगडली की माझे ओरडणे ऐकून शेजारच्या पिठाच्या गिरणीतले लोक बघायला आले. पाच आठवड्यांनी मी शंभर बैठका मारल्या, दाखला घेतला. दुसरी, ३ मार्च. दाखला मिळून दोनच दिवस झाले होते. तेच तेल, तेच रगडणे. मग जुलैपर्यंत घरी. ऑगस्टात मी शंभराऐवजी एकशेदहा बैठका मारल्या, कारण सगळे बघत होते आणि मला थांबवेना. तिसरी, १ सप्टेंबर. या खेपेला मांडीचा मागचा भाग गुडघ्यापर्यंत जांभळा झाला आणि तीन आठवडे मला शाळेत बाकाच्या कडेला एका कुल्ल्यावर बसावे लागले. (वर्गात हसू झाले, ते वेगळे.)

येथे प्रामाणिकपणे नमूद करते की ऑगस्टात, दाखल्याच्या आधी, जिना चढताना मांडीत ओढ लागत होती. मी ती कुणाला सांगितली नाही.

३. सरकारी इस्पितळातील फिजिओथेरपिस्ट शिल्पाश्री मॅडम यांनी सांगितले ते असे: बैठकांनी मुख्यतः मांडीचा पुढचा भाग घोटला जातो. मागचा स्नायू फाटतो तो पाय लांब टाकून जोरात पळताना. "तू एकशेदहा मारल्यास हे छानच, पण तो पेपर दुसऱ्याच विषयाचा होता," असे त्या म्हणाल्या. ताज्या जखमेवर रगडल्याने आतला रक्तस्राव वाढतो, हेही त्यांनी सांगितले. त्यांनी सहा महिन्यांचा क्रम लिहून दिला आहे. सध्या मी रोज सकाळी गुडघ्यांवर उभी राहते, अम्मा माझे घोटे दाबून धरते, आणि मी हळूहळू पुढे झुकते. पहिल्या दिवशी तोंडावर आपटले. आता सात वेळा झुकता येते. पळायचे डिसेंबरात, तेही अर्ध्या वेगाने. चेंडू फेब्रुवारीत.

४. सबब विनंती की मला एप्रिलपर्यंत सूट द्यावी, नाव पटावर ठेवावे, आणि फुटबॉलपटूंसाठी दाखल्याची परीक्षा बैठकांऐवजी पळण्याची ठेवावी.

अर्ज मराठीतच व स्वहस्ते लिहावा, असा आपला नियम असल्यामुळे येथपर्यंतचा मजकूर आपल्या मराठी वर्गाच्या वसुमतीअक्कांनी तपासला आहे. यापुढचा त्यांना दाखवलेला नाही. तेव्हा चुका माझ्या.

५. काल मी तालमीत जाऊन दाखल्यांची जुनी वही मागितली. मला माझ्या तिन्ही दुखापतींच्या तारखा जुळवायच्या होत्या. खंडोजीमामांनी कपाट उघडून दिलं आणि म्हणाले, "बघ स्वल्प, जरा जपून, धूळ फार आहे." वह्या दोन होत्या. मी आधी चुकीची उघडली. त्यात एकोणीसशे एकाहत्तरच्या पानावर लिहिलं होतं: नरसिंगराव माने, गुडघा मुरगळला, दहा दिवस झाले, बैठका शंभर, तंदुरुस्त. खाली मामांचा अंगठा. त्यानंतर अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, नाव त्या वहीत पुन्हा कुठेच नाही. मी शेवटपर्यंत पानं उलटली.

महोदय, माझे अप्पा आपल्या समितीत आहेत. मला शनिवारी हजर ठेवण्याच्या संमतीपत्रावर सही त्यांचीच आहे. माझ्या बैठका ते मोठ्याने मोजतात; ऐंशीनंतर त्यांचा आवाज चढतो. जिना उतरताना ते कठडा धरतात, हे मी लहानपणापासून बघते आहे. आमच्या घरी त्याबद्दल कुणी बोलत नाही. मी समजायची, जिनाच अरुंद आहे.

मामांवर माझा राग नाही, हे कृपया लिहून घ्यावे. मी वही धरून तिथेच बसले, तेव्हा त्यांनी वाकून पान पाहिलं. मग म्हणाले, "तेव्हा आम्हाला एवढंच ठाऊक होतं गं." आणि माझ्यासाठी आणलेली उकडलेली अंडी वहीवरच ठेवून गेले.

तर शनिवारी मी शंभर बैठका मारू शकते. आज म्हणालात तर आजही. दाखलाही मिळेल. अडचण तीच आहे. उत्तर गुरुवारपर्यंत कळवावे, म्हणजे माझ्या जागी पवित्राला दोन दिवस तरी सराव मिळेल. तिचा डावा पाय चांगला आहे.

आपली नम्र, आणि डिसेंबरपर्यंत चालतच येणारी,
संयोगिता नरसिंगराव माने

सोबत: तंदुरुस्तीचे दोन दाखले, शिल्पाश्री मॅडमची चिठ्ठी, १९७१ च्या पानाची माझ्या हाताने केलेली नक्कल.

प्रत माहितीसाठी: श्री. नरसिंगराव व सौ. शारदाबाई माने, वरचा मजला, यांस.

अप्पा, अम्मा, तोंडाने सांगायला गेले की अप्पा मोजायला लागतील आणि मी बैठका मारायला लागेन, म्हणून ही प्रत ताटाखाली ठेवली आहे. रविवारी मी खेळणार नाही. सचिवांचं उत्तर काय येईल त्यावर हे अवलंबून नाही. नाव राहिलं तर राहिलं, गेलं तर मी त्या कॉलेजच्या मैदानावर जाऊन सगळ्यांदेखत पळून दाखवीन, पण पाय पुरा बरा झाल्यावर. रविवारी मी मैदानावर येईन, चपला घालून, आणि बाकावर बसेन. अप्पा, माझ्या शेजारी तुमची जागा धरून ठेवते. त्या बाकापर्यंत एकही पायरी नाही.