बॅगा कोण सांभाळणार?

४ फेब्रुवारी

ती. वन्संना,
लंगडत्या घरातून सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला त्याचं कारण तुमचे बंधुराज. गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, टाकेही निघाले, पण माणूस खुर्चीत ठरेल तर शपथ. काठी टेकत खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. शाळेला रजा आहे, त्यामुळे वर्गातली पोरं सुटली आणि मी अडकले. काल माझ्या कुलुपांच्या दुकानात येऊन बसले आणि एका गिऱ्हाइकाला किल्लीच्या दातांचं गणित समजावू लागले. तो बिचारा किल्ली न करताच निघून गेला.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की यंदा डोंगर नाही, आणि पुढेही बहुधा नाही. तुम्हाला त्यांनी कळवलं असेलच, तेही एका ओळीत. त्या एका ओळीचा घरभर केवढा पसारा झालाय तो मी रोज बघते आहे.

आता माझं. वन्सं, यंदा मला न्याल का? हसू नका. लग्न झाल्यापासून दर वर्षी एप्रिलमध्ये एक दिवस तुम्ही बहीण-भाऊ डोंगरावर जाता आणि मी पायथ्याच्या चहाच्या दुकानात बॅगा सांभाळते. त्या कुणी चोरणार नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. संध्याकाळी तुम्ही उतरता तेव्हा दोघांच्या चेहऱ्यावर काहीतरी असतं. काय पाहिलं म्हणून विचारलं की म्हणता, काही नाही गं, धुकंच होतं. ते 'काही नाही' मला एकदा डोळ्यांनी बघायचंय. हे जाणार नाहीत म्हणजे तो दिवसच रद्द, असं घरात न बोलता ठरून गेलं, आणि तेव्हापासून माझ्या जिवाची उलघाल थांबत नाही.

मला दुसऱ्या मजल्यावर धाप लागते हे आधीच सांगून ठेवते. काय काय करावं लागेल ते लिहा. ह्यांच्याजवळ अजून बोलले नाही.

लोभ आहेच, त्यात यंदा मलाही वर ओढून घ्यावं.
तुमची,
भावजय


१३ फेब्रुवारी

चि. सौ. किल्लीबाईस,
गोठ्यातून अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी माझ्याकडच्या पेशंटांतली एक गाय अडली होती. गाय सुटली, वासरूही बरं आहे. मी मात्र ते पत्र वाचल्यापासून धड नाही.

तू चहाच्या दुकानातून बघतेस तो डोंगर वेगळा. झाडी संपली की उभा चढ आणि सुटी खडी. एक पाऊल टाकावं तर अर्धं मागे येतं. मग खडकात ठोकलेली लोखंडी साखळी धरून चढायचं. त्याच्यापुढे धार, दोन्ही अंगांना दरी. तिथे आमचे गणिताचे मास्तर बसून सरकत जातात, हे त्यांनी तुला कधी सांगितलं नसेल.

तरी विचारलंस म्हणून सांगते. रोज जिना चढ. आधी मोकळी, मग पाठीवर वजन घेऊन. उतरताना जास्त जप, गुडघे उतरताना जातात. बूट संध्याकाळी घ्यायला जा, कारण तोवर पाय फुगलेले असतात. जाड मोजे घालून बघ. अंगठा पुढे टेकला तर तो बूट दुकानात ठेव आणि दुसरा माग. ते बूट घरात घालून मऊ कर. नवेकोरे बूट घालून येणाऱ्याला मी घोड्यासारखे नाल ठोकून परत पाठवते. नखं सरळ काप. जनावर काय आणि माणूस काय, खूर ठीक तर सगळं ठीक. तहान लागायच्या आत पाणी प्यायचं. आणि दुपारी बारा वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं, शिखर हाताशी असलं तरी. आम्ही हा नियम कधी पाळला नाही, ते सोड.

एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत हे सगळं जमलं तर बघू. मी नाही म्हणत नाही. डोंगर म्हणेल.

लोभ आहे तेवढा पुरे, तू दम वाढवावा.
तुझी,
वन्सं


१० मार्च

ती. वन्संना,
दुखऱ्या पोटऱ्यांचा सा. न.

वजन म्हणून दुकानातली बिघडलेली कुलुपं पाठपिशवीत भरली आणि पहाटे जिना चढू लागले. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी रखवालदाराकडे तक्रार केली की इमारतीत कुणीतरी साखळदंड ओढत फिरतंय. रखवालदार बॅटरी घेऊन आला, मला बघून ओशाळला, आणि मी त्याच्याहून जास्त. आता एकेक कुलूप ह्यांच्या जुन्या मोज्यात घालून भरते.

बूट दुकानात दिवसभर घालून बसते. टाचेला फोड आला, तो बरा झाला, आता तिथे घट्टा पडलाय. घट्ट्याचं कौतुक वाटण्याची ही माझी पहिलीच वेळ.

बूट ह्यांनी पाहिले. आधी हसले, मग तुमचं नाव ऐकून पेपर उघडून बसले. दोन दिवस फक्त वर्तमानपत्राशी बोलत होते. तिसऱ्या दिवशी मी जिना उतरून पिशवी खाली टेकवली, तर आले, पायरीवर बसले, सगळी कुलुपं बाहेर काढली आणि पुन्हा लावली: जड ती खांद्याजवळ, पाठीला चिकटून, हलकी तळाला. मी आपली सगळी तळाशी कोंबत होते. पिशवी पाठीवर घेतली तर वजन निम्मं झाल्यासारखं वाटलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आभार मानायला गेले, तर म्हणाले की ताई तुला नेणार नाही, बघशील.

म्हणून विचारते, नेणार ना? तुम्ही आपलं 'बघू' लिहिता आणि मी इकडे गिऱ्हाइकाला भलत्याच कुलपाची किल्ली देते. आता मी चौथ्या मजल्यापर्यंत बोलत बोलत चढते. ऐकायला कुणी नसतं म्हणून पाढे म्हणते.

लोभ असावा, 'बघू' नसावं.
तुमची,
भावजय


१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. इकडे काहीही ठीक नाही.

तू तिला नाही म्हणून कळव. हवा बिघडणार आहे असं लिही, तुझी कंबर धरली आहे असं लिही, काहीही लिही. माझं ती ऐकत नाही. तुझं ऐकेल. धारेवर मी स्वतः बसून सरकतो हे तुला माहीत आहे. ती तर जन्मभर दुकानातल्या स्टुलावर बसलेली बाई.

तिची तयारी मात्र कडक चालली आहे. काल चौथ्या मजल्यावरून एकोणतिसाचा पाढा ऐकू आला, बिनचूक. मी खाली उभा राहून ऐकत होतो आणि मला राग येत होता. कशाचा ते कळेना. मग कळलं. तुम्ही दोघी वर जाणार म्हटल्यावर मी कुठे असणार? चहाच्या दुकानात? बॅगा घेऊन?

लोभ असेल तर खोटं लिहावं.
तुझा,
मास्तर


२१ मार्च

चि. मास्तरास,
कान धरून आशीर्वाद.

तू सांगायच्या आधीच मी खोटं लिहायला बसले होते. तिचं पहिलं पत्र आलं तेव्हा माझ्या पोटात दुखलं. वर्षभर मी लोकांच्या गाई-घोड्यांत असते. एक दिवस माझा असतो, भावाबरोबर, फारसं न बोलता. तो दिवस तिला कशाला द्यायचा? म्हणून मुद्दाम भिववणारं पत्र लिहिलं. वाटलं, साखळी वाचून गार पडेल. तर बाई कुलुपांना मोजे घालून जिने चढते आहे! असल्या माणसाला खोटं लिहायला मन होत नाही रे.

मी तिला नेणार. तू घरी बसायचं की पायथ्याशी, तुझं तू ठरव. पण तिच्यासमोर तोंड वाकडं करू नकोस. आजवर तिने आपल्यासमोर केलेलं नाही.

लोभ आहे, म्हणूनच खरं लिहिलं.
तुझी,
ताई


५ एप्रिल, रविवार
पायथा, चहाचं दुकान

प्रिय सौ. हिस,

तुम्ही दोघी झाडीत दिसेनाशा झालात आणि मी बॅगा बाकावर ओळीने लावल्या. मग उलट्या ओळीने लावल्या. वेळ जाईना म्हणून हे लिहितो आहे. उतरलीस की हातात देईन, किंवा देणारही नाही.

सकाळी धार स्वच्छ दिसत होती. आता तिच्यावर ढग बसलाय. चहावाली म्हणते की रोजच बसतो आणि उठतो. तिचं म्हणणं बरोबर असेल. मी चहा मागवतो आणि प्यायचा विसरतो.

तिने मला एक गोष्ट सांगितली. तुमच्या बाई इथे कधी बसत नसत, म्हणाली. दुपार झाली की उठून पहिल्या वळणापर्यंत जायच्या, वर बघायच्या, परत यायच्या, पुन्हा जायच्या. मी विचारलं, मग बॅगा? तर म्हणाली की बॅगांवर ती लक्ष ठेवायची, आणि तुझ्यावरही.

मला हे तू कधीच सांगितलं नाहीस. मी विचारलं तरी कुठे? वर ऊन छान पडलंय म्हणून आम्ही लोळत असायचो. एका वर्षी तर मी डुलकी काढली. ताई म्हणायची अजून थोडं, मी म्हणायचो अजून थोडं. उतरल्यावर तू कावरीबावरी दिसलीस की तुला वेड्यात काढायचो, उगाच काळजी करतेस म्हणून.

मला भीती वाटते आहे. गणिताने बघितलं तर तुम्हाला यायला अजून पुष्कळ वेळ आहे. गणित आत्ता कामाला येत नाही. साखळी ओली असली तर? तुझा डावा बूट नीट आवळलेला नव्हता असं मला आत्ता वाटतंय. सकाळी मी स्वतः बघितला होता, नीट होता, तरी वाटतंय.

लिहवत नाही. वळणापर्यंत जाऊन येतो.


१२ एप्रिल

चि. सौ. भावजयीस,
यंदा आशीर्वाद नाही, नमस्कारच.

उतरताना मी तुझ्याशी बोलले नाही ते रागाने. आता राग गेला आहे म्हणून लिहिते. साखळीवर तू माझ्या भावापेक्षा बरी चढलीस. हातांना लोखंडाची सवय असल्यावर काय! धारेवरही तू बसली नाहीस, चालत गेलीस. मग ढग फाटला आणि समोर शिखर, त्यावरच्या दगडांच्या ढिगातला दगड न् दगड मोजता यावा इतकं जवळ. आणि तेव्हाच तू घड्याळ बघून म्हणालीस की बारा झाले.

मी म्हटलं, अजून थोडंच राहिलंय. तर तू म्हणालीस की या वेळेला तू खाली बाकावरून उठायचीस. एवढंच बोललीस आणि वळलीस. माझ्यापुढे होऊन आजवर कुणी डोंगर उतरलेलं नाही. मी मागून चालत मनात म्हणत होते, कच्ची निघाली, दम संपला आणि निमित्त शोधलं.

मग शेवटचं वळण आलं आणि तिथे माझा भाऊ उभा. एका हातात काठी, गळ्यात तिन्ही बॅगा, गुडघ्याचा भोपळा झालेला. आपण ठरल्या वेळेच्या आधी उतरलो होतो, आणि तो वेडा इतका वेळ कुठे होतात म्हणून आपल्यावर ओरडला! तू हसलीस. मला हसू आलं नाही. आजवर आम्ही बहीण-भाऊ ठरल्या वेळेला उतरलो असं एकदाही झालेलं नाही, आणि तू समोर येऊन फक्त मजा आली का एवढंच विचारायचीस. तुझ्या जागी मी असते तर बॅगा दरीत फेकून पहिल्या गाडीने घर गाठलं असतं.

मी माफी मागते ती फक्त सुई टोचण्याआधी, जनावरांची. माणसाची ही पहिलीच असं समज.

लोभ तुझा मोठा, आता माझाही मोजून बघावा.
तुझी,
वन्सं


१८ एप्रिल

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून रडू आलं. पण मला इतकं थोर करू नका. खरं सांगू? मला शिखर हवं होतं. अजून हवंय. वळले तेव्हा पाय वर ओढत होते आणि जीव खाली, आणि मला दोघांचाही राग आला. तुमच्या पुढे पुढे चालत होते ते तुम्हाला तोंड दिसू नये म्हणून. दुकानात बसून किल्ली घासताना तो दगडांचा ढीग समोर येतो आणि हात थांबतो. जिना अजून चढतेच आहे. वरचे आजोबा आता आवाज आला नाही तर चौकशी करतात.

ह्यांना डॉक्टर खूप बोलले. पायथ्याशी लिहिलेलं पत्र ह्यांनी परवा माझ्या हातात दिलं आणि भर दुपारी दाढी करायला निघून गेले. मी वाचलं. ते बाहेर आले तेव्हा मी चहा केला, आणि तो गार व्हायच्या आत प्यायला लावला.

काल त्यांनी आपण होऊन विचारलं की तू आणि ताई पुन्हा कधी जाणार. मी म्हटलं, खाली कुणीतरी असायला हवं, त्याशिवाय माझा पाय निघणार नाही. म्हणाले, मी बसेन. आणि उठून खिडकीकडे गेले. थोड्या वेळाने काठी टेकत परत आले आणि म्हणाले, बसणं काही माझ्याच्याने जमायचं नाही. पण असेन.

बाकी लोभ तुमचा पहिल्यापासून होताच, आता तो दिसतोही.
तुमची,
भावजय