वडिलांच्या चाकूचा मधला स्क्रू

मी, खाली सही करणारा, घडीच्या चाकूंचा दुरुस्तीवाला, गुडघ्यांनी अधू पण डोक्याने शाबूत, कोणाच्याही दडपणाखाली न येता माझ्या माघारी काय व्हावं ते लिहून ठेवत आहे. डोक्याबद्दल बायकोचं मत वेगळं आहे. ते इथे नोंदवायची गरज नाही.

१. राहती खोली आणि बँकेतली शिल्लक बायकोला. तिने माझा तिरसटपणा जन्मभर सोसला, त्या मानाने हे काहीच नाही.

२. दुकान, कामाचं टेबल, सगळे पेचकस आणि वायसरचे डबे लेकीला. जावईबापूंनी यातल्या कशालाही हात लावू नये. मागे स्क्रू ढिला पडू नये म्हणून त्यांनी त्याला गोंद लावला, तो ओघळून वायसरवर गेला आणि गिऱ्हाइकाचा चाकू मिटला तो मिटलाच. माणूस सोन्यासारखा आहे, फक्त दुकानात येताना हात घरी ठेवावेत.

३. धाकट्या भावाला मी काहीही देत नाही. आमचं भांडण अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. माझं म्हणणं, पातं ज्यावर फिरतं तो मधला स्क्रू असा आवळावा की पातं बोटाने ढकललं तरच मिटेल. त्याचं म्हणणं, पातं आपल्या वजनाने खाली आलं पाहिजे. एकदा गिऱ्हाइकासमोर त्याने माझा स्क्रू सैल केला, मी परत आवळला, शब्दाने शब्द वाढला आणि दुकानात मधोमध भिंत आली. आता पलीकडून त्याचा खोकला तेवढा ऐकू येतो. औषध घेत नसणार, गाढव.

४. वडिलांचा चाकू लेकीला. त्याचा स्क्रू एका बाजूने फिरवला की दुसरी बाजूही सोबत गरगर फिरते. म्हणून एकाने धरायचं आणि दुसऱ्याने फिरवायचं. लहानपणापासून धरायचं काम धाकट्याचं. भिंत आल्यापासून ते पातं डुगडुगतं आहे. लेक म्हणाली, "बाबा, दोन हातांत दोन पेचकस घेतले की एकट्यालाही जमतं." जमतं, मला काय माहीत नाही? पण डुगडुगता चाकू मी लेकीला देणार नाही, आणि धाकट्याशिवाय त्याला हात लावणार नाही.

५. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार करू नका. तिथेच माझी ट्यूब पेटली. कलम तीन त्यासाठीच आहे. धाकट्याला साक्षीला बोलावणं धाडलं आहे. आला तर त्याला माझ्यासमोर बसावं लागेल. मला त्याची फार आठवण येते. हे मृत्युपत्रात लिहिलं आहे, म्हणजे उद्या मला कानावर हात ठेवता येणार नाहीत.

ठिकाण: दुकानावरची खोली, खिडकीजवळ.
दिनांक: आजचा, रविवार.
सही: थोरला

साक्षीदार पहिला: समोरचा घड्याळवाला. सही माझ्यादेखत झाली.

साक्षीदार दुसरा: धाकटा. सही माझ्यादेखत झाली. औषध घेतो आहे. वडिलांचा चाकू मी धरला, दादाने फिरवला. नेहमीप्रमाणे जास्तच आवळला आहे. उद्या येऊन सैल करतो.