न झालेले तास

४ ऑगस्ट, सोमवार
आज पुस्तकं गेली दोन. त्यातलं एक परत आलं, कारण मुलाला दुसऱ्या लेखकाचं हवं होतं आणि आमच्याकडे ते नाही.
वाचन कक्ष मात्र भरलेला. जागा नाही म्हणून दोघं खिडकीच्या कट्ट्यावर. सगळ्यांसमोर स्वतःची गाइडं, पोलीस भरती, तलाठी, बँक. त्यांना ग्रंथालयाचा पंखा हवा, चार्जिंगचा पॉइंट हवा. मी कोण ते विचारलं तर निम्मे "पंख्याच्या बटनाजवळच्या म्याडम" म्हणतील.
प्राचार्यांना तिसरा अर्ज दिला. आठवड्यातून एक तास द्या, शनिवारी चालेल, पहिल्या वर्षाच्या मुलांना पुस्तक कसं शोधायचं, माहिती कुठली खरी कुठली खोटी हे शिकवते. म्हणाले, वेळापत्रकात जागा नाही. दोन वर्षांपूर्वी हेच म्हणाले होते, तेव्हा निदान वेळापत्रक उघडून पाहिलं होतं.
घरी जायची मेहकरची बस पाऊण तास उशिरा.

७ ऑगस्ट, गुरुवार
बी. ए. तृतीयचे प्रकल्प. विषय 'माझ्या गावाचं सर्वेक्षण'. संबंधित सरांनी तपासून गठ्ठा ग्रंथालयात ठेवायला पाठवला. सहज चाळले. सगळ्या गावांतून बारमाही नदी वाहते. सगळ्या गावांत विहिरी तेवढ्याच. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे एकच फाइल आहे, फक्त गावाचं नाव बदलून देतो. एकाने तेही अर्धवट बदललं, पहिल्या पानावर साखरखेर्डा आणि आत तिसरंच गाव. सरांनी त्यालाही 'उत्तम' दिलंय.
दुपारी एक मुलगी आली. प्रज्ञा. बीबीहून येते, वडील मालवाहू ऑटो चालवतात. तिला सगळ्यांत कमी गुण. का, तर प्रकल्प पाच पानांनी लहान.
"आमच्या गावातून बारमाही नदी जात नाई म्याडम, म्हणून म्या ते पानं काढून टाकले. मंग खरं कुठून लिवाव, ते सापडलंच नाई."
मी तिला जनगणनेची जिल्हा पुस्तिका काढून दिली, जिल्ह्याचं गॅझेटियर दिलं, कोष्टक कसं वाचायचं ते दाखवलं, आणि काहीही वाचताना कुणी लिहिलं, का लिहिलं ते आधी पाहायचं हे सांगितलं. ती शेवटच्या बसपर्यंत बसली. जाताना म्हणाली, हे इथंच होतं काय?
होतं. अकरा वर्षं मी इथे आहे आणि ते माझ्या आधीपासून आहे.

१३ ऑगस्ट, बुधवार
गजाननभाऊंशी भांडण. ते ग्रंथालय परिचर, निवृत्तीला दोन वर्षं. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात हे त्यांना पाठ. कपाटं मात्र कुलपात, किल्ल्यांचा जुडगा कमरेला. मुलांनी चिठ्ठीवर नाव लिहायचं, भाऊ आतून आणून देणार.
प्रज्ञा चिठ्ठी घेऊन उभी होती, कोरी. तिला आपल्या भागातल्या जुन्या बाजारपेठांवर काही हवं होतं. पुस्तकाचं नाव माहीत नाही. जे कधी पाहिलंच नाही त्याचं नाव ती कुठून लिहिणार?
मी म्हटलं, भाऊ, कपाट उघडा, तिला पाहू द्या.
ते म्हणाले, पोरं पानं फाडतात, मंग भरपाई माह्या डोक्यावर येते. आणि वर, "तुमी अजून नवीन हा."
अकरा वर्षं.
शेवटी किल्ली घेतली. अर्थात हिसकावूनच म्हणावं लागेल. एक कपाट उघडं ठेवलं, इतिहासाचं. भाऊ दिवसभर त्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसले. त्यामुळे मुलांपैकी कुणी फिरकलं नाही. प्रज्ञा सोडून.

२१ ऑगस्ट, गुरुवार
पोळा तोंडावर, कॉलेज निम्मं रिकामं. प्राचार्यांनी बोलावलं. पुढच्या महिन्यात मूल्यांकनाची समिती येतेय. ग्रंथालयाच्या फाइलमध्ये एक रकाना आहे, विद्यार्थ्यांसाठी माहिती कौशल्याचे वर्ग घेतले का. गेल्या वर्षभरातले. तारखा, विषय, हजेरी, फोटो.
मी म्हटलं, सर, घेतलेच नाहीत. तुम्ही तास दिला नाही.
ते रागावले नाहीत. खरं तर छान हसले. "तुम्हीच मागत होतात ना तास? घ्या मग. झाला म्हणून समजा."
म्हणजे चोवीस शनिवारी वर्ग झाल्याचं दाखवायचं. सह्या पुढच्या गुरुवारपर्यंत.
मी काय बोलले? बरं म्हटलं बहुतेक.
घरी यांना सांगितलं. हे वीज कंपनीच्या ऑफिसात आहेत. म्हणाले, सगळीकडे असंच चालतं, तू एकटीच काऊन तापून राह्यली? भाजी चांगली झाली म्हणाले.

२५ ऑगस्ट, सोमवार
आज ते केलं. लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच म्हणेन की केलं नव्हतं.
ऑफिसातून छापील हजेरीपत्रकं आली, चोवीस. वर तारीख, विषय, 'मार्गदर्शक' म्हणून माझं नाव. मी ती वाचन कक्षात फिरवली. कुणी वाचलं नाही. एका हाताने सही, दुसऱ्या हातात मोबाइल. एकाने विचारलं, याच्यावर नाश्ता भेटते का म्याडम. एकाने एकाच पत्रकावर दोनदा केली. अर्ध्या तासात सगळी भरत आली.
प्रज्ञाने पहिलं पत्रक हातात घेतलं आणि वाचलं. वरून खालपर्यंत. मग दुसरं. मी समोर उभी.
"म्याडम, ह्या तारखेले तर असा वर्गच झाला नाई."
मी म्हटलं, कागदापुरतं आहे, समिती येतेय.
"तुमीच तर सांगतलं ना, लिहेल हाय म्हणून खरं समजाचं नाई, कोणं लिवलं अन् काऊन लिवलं ते पाहाचं. मंग मी सही काऊन करू?"
आवाज चढवून नाही. तिला खरंच उत्तर हवं होतं.
मी म्हटलं, नको करूस, जा. जरा जोरात म्हटलं. आजूबाजूच्यांनी मान वर केली. ती वही घेऊन गेली.
माझं शिकवणं एका मुलीपर्यंत पोचलं, आणि मी तिला बाहेर काढलं.

२८ ऑगस्ट, गुरुवार
गणपतीमुळे कालची सुटी. प्रज्ञा मंगळवारपासून आलेली नाही.
प्राचार्यांनी पत्रकं मागितली. अजून काही सह्या राहिल्यात असं सांगितलं. खोटंच, पण उलट्या बाजूचं. पत्रकं माझ्या खणात, कुलूप लावून. गजाननभाऊंसारखी झाले.
ऑफिसात मोठ्या बाबूंनी अहवाल टाइप करून ठेवलाय. फोटोही जोडलेत. योग दिनाचे. मुलं सतरंजीवर हात वर करून बसलीत, खाली लिहिलंय 'ग्रंथालय प्रशिक्षणात प्रश्न विचारताना विद्यार्थी'. हसावं की काय ते कळेना. बाबू म्हणाले, म्याडम, कोन एवढं पाह्यते.

३० ऑगस्ट, शनिवार
वर्ग घेतला. न विचारता. वाचन कक्षाच्या फळ्यावर काल लिहून ठेवलं होतं, शनिवारी अकरा वाजता, कुणीही यावं.
नऊ जण आले. त्यातले तिघं बसची वाट पाहत होते म्हणून.
सकाळपासून मुलांच्या ग्रुपवर एक निरोप फिरत होता. शिष्यवृत्तीचा फॉर्म, आज शेवटची तारीख, लगेच मेहकरला जाऊन भरा. दोन मुली निघायच्याच बेतात होत्या. मी शिकवायचं ठरवलेलं सगळं बाजूला ठेवलं. फळ्यावर तो निरोप लिहिला. म्हटलं, यात काय नाही ते सांगा. मागून कुणी म्हणालं, कोणत्या ऑफिसचा आहे ते नाही. दुसरा म्हणाला, वर्ष नाही. पत्राचा क्रमांक नाही. मग मूळ संकेतस्थळ कसं ओळखायचं ते दाखवलं, तिथली सूचना उघडली. गेल्या वर्षीची होती. यंदाची मुदत अजून सुरूही झालेली नाही.
त्या दोन मुलींनी पिशव्या खाली ठेवल्या. एवढंच. पण मला अकरा वर्षांत असं वाटलं नव्हतं.
प्रज्ञा आली होती, उशिरा, शेवटच्या बाकावर. मंगळवारपासून लहान बहीण तापाने आजारी होती म्हणाली. मी सोमवारबद्दल माफी मागितली. तिने मान हलवली आणि गॅझेटियर मागितलं.
गजाननभाऊ दाराशी उभे होते. सगळे गेल्यावर आपला मोबाइल पुढे केला. कुठल्याशा झाडपाल्याने गुडघेदुखी जाते असा निरोप होता. "हे खरं हाय का पाहा बरं." गेले पंधरा दिवस तो पाला बांधून झोपतात म्हणे.

१३ सप्टेंबर, शनिवार
दुसरा वर्ग, गेल्या शनिवारी विसर्जनाची सुटी होती. चार जण. प्रश्नच संपला. मुलं जातात त्या भरती अकादमीने आजच सराव परीक्षा ठेवली. मला कळलं असतं तर... कळूनही काय केलं असतं?
चौघांत दोन जण मान खाली घालून स्वतःचंच काहीतरी वाचत होते. मी संदर्भ कसा लिहायचा ते शिकवत होते आणि माझं मलाच ऐकू येत होतं, किती कंटाळवाणं बोलते मी. बी.लिब.ला आम्हाला वर्गीकरणाचे आकडे पाठ करायला लावले. समोरच्याला वाचावंसं कसं वाटेल हे कुणी शिकवलं नाही. नुसत्या प्राचार्यांवर काय चिडायचं.
चोवीस पत्रकं अजून खणात. प्राचार्य आता दिवसाआड विचारतात. समिती गुरुवारी.

१८ सप्टेंबर, गुरुवार
समिती आली. ग्रंथालयात पंधरा मिनिटंही नव्हते. दोघे सर कपाटांची काच पाहून पुढे गेले. एक वयस्कर बाई मागे थांबल्या, फाइल उघडून. त्यांनी वाचन कक्षातल्या एका मुलाला विचारलं, शनिवारच्या वर्गात काय शिकलास? तो म्हणाला, कोणता वर्ग? त्याची काही चूक नाही. सगळ्या पत्रकांवर सही आहे त्याची, पण त्याला कुठे माहीत.
मग बाईंनी मला विचारलं, किती वर्ग झाले?
प्राचार्य शेजारीच होते. फाइलमध्ये चोवीस टाइप केलेलं. मी ठरवून काही बोलले असं नाही. खरंच नाही. तोंडातून आलं, "दोन."
प्राचार्य हसून म्हणाले, मॅडम या महिन्याभरातलं सांगतायत.
मी खण उघडला. चोवीस पत्रकं वरच होती. त्याखालून माझ्या वहीची दोन पानं काढली, एकावर नऊ नावं, एकावर चार. दिली. म्हटलं, वर्ग एवढेच झाले, ह्यांच्या सह्या ह्या. बाईंनी दोन्ही पानं वाचली, काहीतरी टिपून घेतलं, पानं परत दिली. शाबासकी नाही, काही नाही. चष्मा पुसला आणि गेल्या.
प्राचार्यांनी जाताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

२० सप्टेंबर, शनिवार
पत्र मिळालं. संस्थेची बदनामी, वरिष्ठांचा अवमान, लेखी खुलासा सोमवार २९ पर्यंत. आणि वाचन कक्षात विनापरवानगी वर्ग घेतले म्हणून वेगळा मुद्दा. म्हणजे वर्ग झाले हे आता ऑफिसला मान्य आहे.
स्टाफरूममध्ये मी गेले की चहा संपतो. प्रकल्पवाले सर तेवढे बोलले, "तुम्ही आमच्या सगळ्यांचं नुकसान केलं." असेलही. श्रेणी घसरली तर अनुदान अडेल, कंत्राटी लोकांच्या पोटावर येईल. याचा विचार मी केला नव्हता. हे खोटं नाही.
घरी यांना पत्र दाखवलं. म्हणाले, खुलासा लिवशीन तर मले दाखव, शुद्धलेखन तुहं चांगलं हाय पण भाषा कडक होते तुही.
गजाननभाऊ म्हणाले, आता लायब्ररीच बंद पाडतीन, पाहा तुमी. आणि मग कपाटं पुसायला लागले.
आजचा वर्ग घेतला नाही. सहा मुलं येऊन गेली म्हणे. मी प्राचार्यांच्या केबिनबाहेर बसले होते.

२३ सप्टेंबर, मंगळवार
खुलासा दोन ओळी. पुढे जात नाही.
दुपारी प्रज्ञा आली. हातात छापील फॉर्म. बुलढाण्याला ग्रंथालयाचा प्रमाणपत्र वर्ग आहे, तो करायचा म्हणते, मग बी. ए. झाल्यावर बी.लिब. वडिलांनी भरतीच्या अकादमीत नाव घातलंय, ते सोडावं लागेल. घरी अजून सांगितलं नाही. आधी मला विचारायला आली. शुक्रवार शेवटची तारीख. हे तिने मूळ सूचनेत पाहून घेतलंय.
मी तिला सगळं सांगितलं. जागा निघत नाहीत. माझ्यासोबतच्या सात जणींपैकी नोकरीत मी एकटी, तीही सहा वर्षं तासिकेवर काढल्यावर. एक मैत्रीण साड्यांच्या दुकानात आहे, चांगली हुशार होती माझ्यापेक्षा. शनिवारचं पत्रही दाखवलं. घाबरवायचं होतं का मला? थोडं होतं.
तिने सगळं ऐकून घेतलं. विहारात रविवारी ती लहान मुलांना शिकवते, त्यांच्यासाठी पेटीत वीसेक पुस्तकं जमवलीत म्हणाली. मुलं आपापली निवडून नेतात, तेव्हापासून येणारी वाढलीत. बस, एवढंच कारण. मग म्हणाली,
"म्याडम, तुमाले पुन्हा निवडाले लावलं असतं, तं तुमी हेच केलं असतं का?"
हो म्हणायला तोंड उघडलं. मग ते पत्र दिसलं टेबलावर. नाही म्हणावं तर तिचा चेहरा. मी म्हटलं, बस येईल तुझी, निघ. ती निघाली. फॉर्म माझ्याकडेच ठेवून गेली, वाचून पाहा म्हणाली, काई चुकलं असन तं.
काही चुकलेलं नाही. अक्षर सुरेख. आई-वडिलांच्या संमतीची जागा तेवढी रिकामी.
खुलाशाला सोमवारपर्यंत वेळ आहे, तो कसाही लिहीन. ती उद्या साडेदहाच्या बसने येईल आणि समोर उभी राहील. तिला काय सांगायचं ते अजून ठरत नाही.