कालव्याचा चढ, चौथा गेअर

बाबा, आज तुमची गाडी कालव्याचा चढ चौथ्या गेअरमध्येच चढली. मागे आई बसली होती, तुमच्या जागी तिच्या मांडीवर तांदळाची पिशवी होती, आणि तरी मला गेअर खाली घ्यावा लागला नाही. हे आधी तुम्हालाच सांगायचं होतं, म्हणून हातसुद्धा न धुता लिहायला बसले आहे.

तुम्ही गेलात तेव्हा कोंढ्याच्या आपल्या गॅरेजात एक हेड फडक्यात गुंडाळलेलं होतं. आपल्या गाडीच्या इंजिनावर बसवायला तुम्ही ते भंगारातून आणलं होतं. धूर बाहेर जातो तो रस्ता घासून गुळगुळीत केलेला, पण पेट्रोल आणि हवा आत येते तो रस्ता अर्धाच कोरलेला. "तिघं बसून टाप गेअरमधी चढ चढतो का नाही पाहाजो," असं तुम्ही मला सांगितलं होतं. इतकी वर्षं मी त्या हेडला हात लावला नाही. हेडमधला तो रस्ता वळतो तिथे भिंत पातळ आहे. ग्राइंडर केसभर जास्त गेला की भोक पडणार आणि तुमच्या हातचं शेवटचं काम भंगारात जाणार. घरातली पहिली डिग्री माझ्या हातात आली, तरी तो धीर काही येत नव्हता.

आठवीतला तो रविवार तुम्हाला आठवतो का? तुम्ही पवनीला सामान आणायला गेला होतात. टेबलावर एका गिऱ्हाइकाचं हेड होतं, त्याचा एक रस्ता गुळगुळीत आणि दुसरा खरबरीत. मला वाटलं, तुम्हाला वेळ पुरला नसेल. दुपारभर पॉलिश पेपर घासून मी दुसराही चकाचक केला आणि शाबासकीची वाट पाहत बसले. तुम्ही आलात, हेड उजेडात धरलंत.

"हे कोनं केलं?"

"मी. चमकते ना?"

"अवं, पेट्रोल का त्यात आपलं थोबाड पाहीन?"

गिऱ्हाईक खो खो हसलं. मी रडायला लागले. तुम्ही माझे डोळे पुसले नाहीत. जाड पेपर हातात दिला. "आता तूच खरबरीत कर." मी घासत असताना मात्र शेजारी बसून सांगितलंत, की फार गुळगुळीत भिंतीला पेट्रोल चिकटून बसतं, जरा खरबरीत असली तर ते हवेत मिसळत जातं. मग म्हणालात, "तुयी करंगळी टाक आत. बोट अडकलं तं हवा अडकली." तेव्हापासून तुमची जाड बोटं जात नव्हती तिथे माझी करंगळी जायची.

आत येणारा रस्ता खरबरीत का ठेवतात, असं कॉलेजात सरांनी विचारलं तेव्हा वर्गात फक्त माझा हात वर होता. थोबाडासकट उत्तर दिलं. सरही हसले, पण फळ्यावर माझंच उत्तर लिहिलं.

या आठवड्यात अखेर फडकं सोडलं. कुठवर कोरायचं ते कळावं म्हणून गॅस्केट ठेवून कडेने खूण केली. जरा कोरायचं, ग्राइंडर बंद करायचा, करंगळी घालायची, पुन्हा जरा कोरायचं. वळणाशी आले तेव्हा श्वास रोखून धरला होता. भोक पडलं नाही, बाबा! आज सकाळी हेड बसवलं, दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली, आणि चढ संपल्यावर मी रस्त्यावरच ओरडले. आई माझा खांदा घट्ट धरून म्हणाली, "हळू चालव वं! पोलिसानं पकडलं तं डिग्री दाखवशील काय?" पण हसत होती.

हा कागद त्या रिकाम्या फडक्यात गुंडाळून ठेवते. फक्त एक गोष्ट सांगायची राहिली. वळणाच्या अलीकडे, तुमची कानस थांबली होती तिथे, एक बारीक कड आहे. भिंत तिथे जाड आहे, भीतीचं काही कारण नव्हतं. ती काढली असती तर गाडीने आणखी ओढलं असतं, हेही मला कळतं. माझी करंगळी तिथे अडकली, आणि मी ग्राइंडर बंद केला.