बाबांनी विचारलं, आतून दिसते काय

मितेश,

मी डोंबिवलीला लॅपटॉपच्या दुकानात गेलेय. तू बुक केलेला हलका ऑफिसवाला बदलून गेमिंगवाला मिळतो का, विचारते. चिडू नकोस, आधी वाच.

गॅस बुक करायला तुझा जुना लॅपटॉप उघडला, तर स्क्रीनवर बाबांची होडी, थ्रीडीमध्ये! पुढच्या टोकावर आईंचं नावसुद्धा तसंच. कधी बनवलीस रे? मला बोलला का नाहीस? फिरवून बघायला गेले तर सगळं हँग झालं.

वळून बघते तर मागे बाबा. तू होडी विकायला लावलीस तेव्हापासून त्यांनी तुझं नावही काढलं नव्हतं. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "मितेशनं डोलकाठी ताठ काढलीय. ती पुढं झुकते." आणि विचारलं, "आतून पण दिसते काय?" मला काय माहीत? मलाही बघायचंय.

गेमिंगवाल्यावर होडी न अडकता फिरेल. जड असला तरी तो रोज ठाण्याला न्यायचा नाही, घरीच राहील. ऑफिसच्या कामाला जुना पुरतो.

कालवण गरम कर. बाबा अजून जेवले नाहीत. "मितेश आला की बसतो," म्हणाले.

समिधा